फळ्यावरची पहिली ओळ

४ मार्च, मंगळवार. हजर: मी, पीठ मळणारी लिन आणि तपासणीला आलेले साहेब.

या परक्या देशात सरकारी परवानगीवाचून एकत्र प्रार्थना करता येत नाही. आमची बेकरी खरं तर त्यासाठीच आहे. साहेबांची गाडी दिसताच फळ्यावरच्या कामांच्या यादीतली पहिली ओळ, ‘प्रार्थना’, मी पुसली आणि तिथे ‘हात धुणे’ लिहिलं.

“इथे देवाधर्माचं काही चालतं?” साहेबांनी विचारलं.

“छे हो, फक्त पाव!” मी हसून म्हणाले.

ते गेल्यावर लिन हळूच म्हणाली, “ताई, त्या सुभेदारानंही हातच धुतले होते ना?”

प्रभूला क्रूसावर चढवायला जमावाच्या हवाली करून, जबाबदारी झटकत हात धुणाऱ्या सुभेदाराची गोष्ट तिला मीच शिकवली होती.

घाबरल्याची लाज वाटत नाही. प्रभूला नाकारतानाही माझं अक्षर वळणदार आलं, त्याची वाटते.

खडू हातात आहे. पहिली ओळ बदलायची अजून राहिली आहे.