हिरामणबापूची सातवी विहीर

कुत्रं एकदा चावून मोकळं होतं, पुढे महिनाभर किस्से चघळतात ती माणसं! आमच्या म्हसावदच्या गल्लीत असे ढीगभर साचलेत. यंदाचे सगळे एकट्या हिरामणबापूचे. नात्याने माझा दीर, स्वभावाने रेडा.

*

बापूच्या पोटरीला मोकाट कुत्रं चावलं. मी साबण लावून पाय नळाखाली चांगला धुतला. म्हटलं, "चल, सुई घ्यायला."

"वहिनी, मांगेबी चावनं व्हतं. सात इहिरी देख्यात, म्हनीसन वाचनू!"

कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावायचं, ही आमच्याकडची जुनी समजूत. त्या वेळी, बऱ्याच वर्षांपूर्वी, सुमनने, म्हणजे त्याच्या बायकोने, दंड धरधरून सगळ्या सुया पुऱ्या करवल्या होत्या. पण श्रेय विहिरींना!

*

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, वाचायला माझी मी शिकले. आणि वाचलेलं सोडत नाही! बापूला दटावलं, "मागच्या लसीने तुझ्या अंगात राखणदार बसवलेत. ते रोगाला ओळखतात. पण पुन्हा चावलं की सुई टोचून त्यांना लवकर उठवावं लागतं. रोग मेंदूत पोचला की मग कोणी वाचवत नाही, बापू!"

सुमन रडायलाच लागली.

बापू स्वतःकडे बोट दाखवून म्हणतो, "मना राखनदार मनासारखाच झोपाळू व्हतीन!"

*

निघाला विहिरी शोधत. आता सगळीकडे बोअर! कशाबशा सहा झाल्या. सहावीत वाकला, तर मळेवाला ओरडला, "मोटर चोर! मोटर चोर!" लंगडणारा बापू हरणासारखा पळाला.

सातवी मिळेना, म्हणून घरी येऊन पाण्याच्या टाकीत डोकं घातलं.

मी म्हटलं, "टाकी चालत नाही रे! नियम तर नीट पाळ!"

*

"चल, सातवी मी दाखवते," म्हणून त्याला दवाखान्यामागे नेलं. तिथे जाळी टाकलेली जुनी विहीर आहे. बापू मनोभावे डोकावला. वळतो तर समोर सुमन आणि सिस्टर!

सिस्टर म्हणाली, "विहीर झाली ना? आता बाही वर करा."

बापू माझ्याकडे बघायला लागला.

"बघतोस काय? सहा तुझ्या, सातवी माझी!"

मुकाट्याने बाही वर झाली.

*

तीन दिवसांनी दुसरी सुई. सिस्टर म्हणाली, "झालं. आता यायचं नाही."

बापू भडकला, "मांगे इतल्या सुया, आते दोनच? सरकारनी कपात करी का?"

"मागची लस तुमच्या अंगाला अजून आठवते, बापू. इतक्या वर्षांनीसुद्धा! म्हणून दोनच पुरतात."

बापूने छाती फुगवून सुमनकडे पाहिलं.

सुमनने डोळे पुसले, पदर खोचला. "तुम्हनं आंग तुम्हनापेक्षा हुशार शे! आतेपासून बाजारले त्यालेच धाडसू!"