पळीभर तीर्थ

परमेश्वर आपल्या भक्ताला कधीच अंतर देत नाही, असं आमच्या रत्नागिरीत ठामपणे सांगतात. मला फिट आली ती संकष्टीलाच. अर्थात त्यात देवाचा दोष नव्हता. माझी फिटची गोळी दुपारच्या जेवणानंतरची. उपवासामुळे जेवण नाही, म्हणून गोळीही नाही, असा माझा तर्क होता.

शुद्धीवर आलो तेव्हा उजवा खांदा ठणकत होता. समोरून एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे, असं सांगून हात झोळीत अडकवला गेला. बारा दिवस झाले तरी तो पोटापासून बाहेर वळेना. मी आंब्याची कलमं बांधतो. उजव्या हातात चाकू फिरला नाही तर रोपवाटिकेला कुलूपच. पुस्तकांत धीराबद्दल पुष्कळ वाचलं होतं. ऐन वेळी त्यातली एक ओळ आठवेना.

बायको म्हणाली, "देवळात तरी चला. तिथे नंबर लावावा लागत नाही." श्रद्धेपेक्षा वाद टाळायला म्हणून गेलो.

तिथेही रांग होतीच. गुरवांनी तीर्थाची पळी पुढे केली. मी झोळीतून हात काढला.

"हात उताणा करा."

"केलाय."

"हा उताणा? तीर्थ काय जमिनीला पाजायचंय?"

तोवर ते सांडलंच होतं. माझ्यामागे हर्ण्याहून नवस फेडायला आलेली एक मासळीवाली उभी होती. ती म्हणाली, "त्यांच्यावर कशाला खेकसता? हात वळतच नाय त्यांचा." मग मला विचारलं, "फिट येते काय वो तुम्हाला?"

मी मान हलवली.

"आमच्या दिराचं असंच झालेलं. खांदा मागच्या अंगाला निखळलेला, समोरच्या फोटोत दिसलाच नाय. बाजूने काढायला सांगा. आजच. तो थांबला, आता त्याला वल्हं धरवत नाय."

त्याच दुपारी बाजूने एक्स-रे काढला. खांदा खरंच मागे निखळला होता. भूल देऊन तो बसवला. आणखी उशीर झाला असता तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली असती, असं डॉक्टर म्हणाले.

पुढे हर्ण्याच्या मासळी लिलावात त्या बाईंना दोनदा शोधलं. भेटल्या नाहीत. त्यांना कोणी पाठवलं, हा वाद मी घालत नाही. हात जोडतो, आणि आता दोन्ही जोडता येतात. बारा दिवस मी "बरं आहे" म्हणत तो हात झाकून ठेवला होता. देवापुढे पसरावा लागला, तेव्हाच त्याचं दुखणं दिसलं. शरण जाणं बहुधा एवढंच असावं. संकष्टी अजून करतो, गोळी घेऊन.

दोन महिन्यांनी गुरवांसमोर हात चांगला उताणा धरला. म्हटलं, मागच्या वेळचं सांडलं होतं, दोन पळ्या द्या.

"माणशी एकच," ते म्हणाले.