निदण उपटायची घाई

ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि खरं बोलायचं तर प्रार्थनेतही पूर्ण नाही. गुडघे टेकतो, सुरुवात करतो, आणि राजूरपाशी आलो की — ‘प्रभू, तुला सगळं ठाऊकच आहे’ असं म्हणून पुढे सरकतो. त्याला ठाऊक आहे म्हणून आपण सांगायचं नाही, ही सोय माणसानं किती वर्षं चालवावी? मी अकरा वर्षं चालवली.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही. दोन वेळा कागद फाडला आहे.

आधी माझं काम सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी एका बियाणे कंपनीचे प्लॉट बघत फिरतो. शेतकरी आमच्यासाठी मिरचीचं बियाणं पिकवतात. त्यात दुसऱ्या जातीचं एखादं झाड आलं असेल, तर ते फुलावर यायच्या आत उपटून टाकायचं — याला आम्ही भेसळ काढणं म्हणतो. माझी नजर या कामात तयार आहे. बांधावर उभा राहून, पानाच्या रंगावरून आणि खोडाच्या ठेवणीवरून सांगतो की तिसऱ्या ओळीतलं ते काढा. साहेबांच्या डोळ्यातून काही सुटत नाही, असं लोक म्हणतात. ऐकायला गोड वाटतं — का वाटू नये?

आणखी एक गोष्ट या कामात शिकलो. ज्याच्या प्लॉटमध्ये भेसळ असते, तो शेतकरी मला रस्त्यातच गाठतो. चहा पाजतो, घरच्यांची चौकशी करतो आणि मग म्हणतो, ‘साहेब, आधी शेजारच्याचा प्लॉट बघून घ्या, तिकडं लई भेसळ हाय.’ ही खूण एकदाही चुकलेली नाही. मी मनात हसतो आणि आधी त्याच्याच प्लॉटमध्ये शिरतो.

आमचं गाव वाटूरजवळ. ख्रिस्ती घरं थोडी, चर्च लहान, आणि मी त्या मंडळीचा एक कारभारी पंच. महिन्यातून एका रविवारी उपासनेतलं मनन, म्हणजे छोटं प्रवचन, माझ्याकडे असतं. येशूचे दाखले मला सोपे जातात — पेरणारा, मोहरीचा दाणा, चांगली जमीन, हे सगळं माझं रोजचंच. पण लोकांना सर्वात आवडतं ते माझं गहू आणि निदणाचं मनन. दाखला तुम्हाला माहीत नसेल तर एवढाच आहे: मालकानं शेतात गहू पेरला. वैऱ्यानं लपून येऊन त्यात निदण टाकलं, म्हणजे गव्हासारखंच दिसणारं तण. चाकर धावत आले, उपटून टाकू का म्हणाले. मालक म्हणाला, नको, निदणाबरोबर गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही राहू द्या.

इथं मी थांबून म्हणायचो, आमच्या कंपनीत असं केलं तर प्लॉट फेल. लोक हसायचे. मग गहू कोण, निदण कोण, वैरी कोण, ते सांगायचो. कितीतरी वेळा सांगितलं असेल. पण त्या चाकरांविषयी मी एक शब्द कधी बोललो नाही. ज्याचं शेत तो निवांत होता — मग चाकरांनाच उपटायची एवढी घाई का? हे मी का टाळत होतो, ते आता सांगायलाच हवं.

माझी मुलगी रूथ तेव्हा नऊ वर्षांची होती. ताप आला आणि उतरेना. जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तेराव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं आणि वाट बघू म्हणाले. कशाची वाट? ते विचारायची हिंमत झाली नाही. मंडळी प्रार्थना करत होती. मीही करत होतो — पण करता करता मध्येच थांबून ऐकायचो, पलीकडे कोणी आहे का. त्या थांबण्याची मला फार भीती वाटायची.

भोकरदनकडचा एक शेतकरी माझा चेहरा बघून म्हणाला, राजूरच्या गणपतीला जाऊन एक नारळ फोडा साहेब, लेकरासाठी माणूस काय करत न्हाई? मी हसलो. तिसऱ्या दिवशी प्लॉट बघायला म्हणून मोटारसायकल काढली आणि राजूरला गेलो. चतुर्थी नव्हती, गर्दी नव्हती, आणि आमच्या गावापासून इतक्या लांब मला ओळखणारं कोण भेटणार? चप्पल काढली. नारळ घेतला. लोक करत होते तसं केलं. पुजाऱ्यानं कपाळाला शेंदूर लावला, तो लावून घेतला.

यात मला आज लाज वाटते ती नारळाची नाही. लोक तिथं श्रद्धेनं येतात. मी श्रद्धेनं गेलो नव्हतो, चोरासारखा गेलो होतो, ती लाज वेगळी. पण कबुली तिचीही नाही.

पायऱ्या उतरताना समोर मार्थाबाई.

मार्थाबाई आमच्या मंडळीतली. विधवा, मिरचीच्या प्लॉटवर मजुरीनं जाणारी, आणि दर रविवारी मुलांची शब्बाथशाळा घेणारी. माझ्या रूथला पहिला दाखला तिनंच शिकवला. तिनं शेजारच्या गयाबाईला दंडाला धरलं होतं. गयाबाई हिंदू, म्हातारी, डोळ्यांनी अधू. तिचा नारळ मार्थाबाईच्या हातात होता. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत उभे राहिलो, माझ्या कपाळावर शेंदूर तसाच. मग तिनं पदर पुढे ओढला आणि मान वळवून गयाबाईशी बोलायला लागली, जणू मी तिथं नव्हतोच. ती वर गेली, मी खाली आलो.

हापशावर तोंड धुतलं, रुमालानं घासलं, पण शेंदूर लवकर जात नाही. दवाखान्यात बायकोनं विचारलं, कपाळाला काय लागलं? म्हणालो, प्लॉटवर फुलांना खुणेसाठी बांधतात त्या लाल दोऱ्याचा रंग असेल. रुमाल एका बांधात पुरून टाकला. अशा कामात माणसाला किती सुचतं.

राजूरहून आल्यावर चौथ्या दिवशी रूथचा ताप उतरला. आनंद झाला — पण तो धड अर्धा दिवसही टिकला नाही. कारण मार्थाबाईनं पाहिलं होतं. ती कोणाला सांगेल? चर्चच्या पाळकांना? बायकांच्या बैठकीत? फोन वाजला की बायकोच्या आधी मीच उचलायचो. दोघी बोलताना दिसल्या की वाटायचं, माझंच चाललंय. रविवारी तिनं मुलांना गाणं शिकवलं, सगळ्यांना सलाम केला, आणि माझ्यासमोर येऊन विचारलं, ‘रूथ बरी हाय ना, भाऊ?’ एवढंच. मी रात्रभर तो प्रश्न उलटासुलटा केला. हा इशारा होता का? तिला काय म्हणायचं होतं?

मग मी काय केलं — तुम्ही ओळखलंच असेल. आधी शेजारच्याचा प्लॉट बघा.

पंचांची बैठक होती. मी घसा खाकरून म्हणालो, जड अंतःकरणानं एक गोष्ट सांगावी लागते आहे. भोकरदनकडे जाताना मार्थाबाई राजूरला देवळाच्या पायऱ्यांवर दिसल्या, नारळ हातात होता. आपल्या लेकरांना शिकवणारी बाई. माझ्या सांगण्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त मी कुठं उभा होतो, तेवढं मी सांगितलं नाही.

तिला बोलावलं. जुने पाळक कडक होते, पण मनानं वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, गेला होता का? ती म्हणाली, ‘गेल्ते. गयाबाईला दिसत न्हाई, तिचा पोरगा गावाला गेल्ता, मंग तिला धरून नेलं.’ नारळ? ‘माझ्या हातात होता. तिचा होता.’ मग तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मला वाटलं, आता बोलेल, आता बोलेल. ती म्हणाली, ‘ज्यानं पाह्यलं त्यानं बराबर पाह्यलं, साहेब.’ माझं नाव तिनं घेतलं नाही.

ठरलं असं की शब्बाथशाळा तिनं थांबवावी, आणि मंडळीसमोर माफी मागेपर्यंत प्रभुभोजन घेऊ नये. म्हणजे ती भाकर आणि तो प्याला — आमच्याकडे माणसाला याहून जास्त काय तोडता येतं? ती म्हणाली, आंधळ्या म्हातारीला धरलं याची माफी मला मागता यायची नाही. आणि तिनं ती मागितली नाही.

अकरा वर्षं ती मागच्या सतरंजीवर बसली. एक रविवार चुकवला नाही. प्रभुभोजनाचं ताट तिच्यापाशी आलं की ती दोन्ही हातांनी धरून शेजारणीकडे द्यायची. बऱ्याचदा ते ताट फिरवणारा पंच मीच असायचो. आणि उपासना सुटली की दारात, दर रविवारी — ‘रूथ बरी हाय ना, भाऊ?’ मला वाटायचं, ही मला सोडत नाही. मला टोचते आहे. कित्येकदा मी मागच्या दारानं निघून गेलो. तिचा राग यायचा मला. हो, माझाच तिच्यावर राग.

मार्थाबाईच्या जागी पुढे रूथ शब्बाथशाळा घ्यायला लागली. कोणाला त्यात काही खटकलं नाही.

यंदा मार्थाबाई अंथरुणाला खिळली. नवे पाळक तरुण आहेत. त्यांना हे जुनं प्रकरण कळलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. म्हणाले, काका, चला माझ्याबरोबर, तिच्या घरी जाऊन प्रभुभोजन देऊ. एक पंच सोबत लागतो. मी गेलो. त्यांनी खाटेजवळच्या स्टुलावर पांढरं फडकं अंथरलं, भाकर ठेवली, छोटा प्याला भरला. मग हळूच म्हणाले, मावशी, नुसतं ‘चुकलं’ म्हणा, पुरे. ती म्हणाली, ‘गयाबाईला धरलं ते चुकलं असं कसं म्हणू? राहू द्या, साहेब.’

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही तेव्हाचे पंच, म्हणाले — तुम्ही सांगा, असंच देऊ का? तुम्ही हो म्हणालात तर मी देतो.

एक शब्द. फक्त हो. राजूरचं काही सांगायलाही नको होतं. पण मला वाटलं, आज हो म्हणालो तर विचारतील — मग तेव्हा का नाही? आणि एकदा ते दार उघडलं की आत काय काय निघेल? मी म्हणालो, नियम आहे, साहेब. मंडळीचा निर्णय आहे.

त्यांनी प्याला परत बाटलीत ओतला. फडकं घडी केलं. मी उठलो तशी तिनं हात वर केला. हाडंच राहिली होती हाताची. ‘रूथ बरी हाय ना, भाऊ? त्या टायमाला लई ताप होता लेकराला. म्या तुम्हाला तिथं बघितलं, तवाच कळलं, लेकरू लई सिरीयस असंल.’ पाळक बाहेर चप्पल घालत होते, त्यांनी ऐकलं नाही. मी बरी आहे म्हणालो.

म्हणजे त्या पायऱ्यांवर तिनं एवढंच पाहिलं होतं. शेंदूर नाही, पंच नाही — आजारी मुलीचा बाप. अकरा वर्षं ती माझ्या मुलीची तब्येत विचारत होती. आणि ज्याच्या डोळ्यातून काही सुटत नाही, तो मी.

अठरा दिवसांनी ती गेली. प्रभुभोजन न घेता गेली. हे मी ती गेल्यावर लिहितो आहे, ती होती तेव्हा नाही, हेही लिहून ठेवतो. आता हे माहीत असणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, म्हणूनच हात चालला.

मातीहून परत येताना रूथ माझ्या शेजारून चालत होती. आता वीस वर्षांची, चांगली धडधाकट. रडून तिचे डोळे सुजले होते. म्हणाली, बाबा, मार्थामावशी मला भेटली की कपाळाला हात लावून बघायची — ताप येतो का गं अजून? आपल्याकडे तर तिचं तसं जाणंयेणं नव्हतं. मग तिला माझ्या तापाची एवढी काळजी का होती?

मी म्हणालो, मला काय माहीत.