आंबेहळदीचा लेप

पाय मुरगळला म्हणून आईनं सहाणेवर आंबेहळद उगाळली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही जीवशास्त्राचा. पण सुजेला मला अजून तिचाच लेप लागतो, हे सांगायला लाज वाटत नाही.

"कुठला रे पाय?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"डावा गं."

परवा डॉक्टर म्हणाले, हिच्या मेंदूत बिघडलेल्या प्रथिनांचा गाळ साठत असावा. तो उपसायला धावलेल्या पेशीच मग चवताळतात आणि आत सूज धुमसत राहते. प्रथिनं म्हटलं की मला तिनं परीक्षेच्या दिवसांत वाढलेली घट्ट डाळ आठवायची. आता हा गाळ आठवतो. घोटा सुजला तर दिसतो, दाबला तर ठणकतो. मेंदूची सूज ना दिसते, ना ठणकते. तिला लेप लावायचा कुठं?

गार बोटं लागली म्हणून खाली पाहिलं. आई माझ्या धडधाकट उजव्या पायाला मन लावून लेप लावत होती.

"बघ, उतरली की सूज!" ती हसली. "एवढा शिकलास, पण औषध आईचंच."

"हो गं," मी म्हणालो, आणि सुजलेला पाय हळूच चादरीखाली ओढून घेतला.