लवंग आणि डिंकाचा लाडू

सुनेला सिझरसाठी आत नेलं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी गणपतीला नवस बोलले. एकवीस मोदकांचा बोलणार होते, पण ते फारच सोपं वाटलं. कर्वेनगरात हवे तेवढे मोदक तयार मिळतात. म्हणून म्हटलं, देवा, दोघं सुखरूप असू देत, मी खोचक बोलणं सोडते. तीस वर्षं वर्गात मुलांना आणि घरी नवऱ्याला मी याच जिभेनं सरळ ठेवलं होतं. नवस काही लहान नव्हता.

नात झाली. माय-लेकी खुशाल. तिसऱ्या दिवशी विहीणबाई अमरावतीहून डबाभर डिंकाचे लाडू घेऊन आल्या. मी एक फोडायला गेले, तो फुटेना.

"सोबत दाताच्या डॉक्टरची चिठ्ठीही आणायची होती," मी म्हणाले.

सगळे हसले. विहीणबाईही हसल्या, पण त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि डबा हळूच पलंगाखाली सरकवला. तिसऱ्या दिवशीच माझा नवस मोडला.

गणपतीचं देऊळ आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरच आहे. मी दूध आणायला मागच्या फाटकानं जायला लागले. लांब पडतं, पण तिथून देऊळ दिसत नाही. पंधरा दिवसांनी वाटलं, असं किती दिवस चुकवणार? मग एकवीस मोदक आणून त्याच्यासमोर ठेवले. नजर काही त्याच्या पोटाच्या वर जाईना. एका प्रश्नाखाली भलत्याच प्रश्नाचं उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी शून्य द्यायचे. माझंही तेच चाललं होतं. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून कमरेला लवंगांची डबी खोचली. टोमणा ओठांवर आला की लवंग दाताखाली धरायची. सकाळी उठल्यावर एवढंच म्हणायचं, "देवा, आजचा दिवस तू सांभाळ, मी लवंग सांभाळते." पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सहा लवंगा संपल्या. बोलणं कमी झालेलं बघून नवरा घाबरला.

"अगं, दाढ दुखतेय का? डॉक्टरकडे जाऊ या."

यावर मला तीन उत्तरं सुचली होती. सातवी लवंग तोंडात टाकली.

काही दिवस साधायचं, काही दिवस पार फजिती. तरी हळूहळू लवंगा कमी लागायला लागल्या. पण पलंगाखाली सरकवलेला तो डबा डोळ्यांसमोरून जाईना. विहीणबाई एव्हाना अमरावतीला परतल्या होत्या. शेवटी फोन लावला. एरवी माझी जीभ कधी अडखळत नाही, त्या दिवशी अडखळली.

"त्या दिवशी लाडवांवरून मी लागेल असं बोलले. चुकलं माझं."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.

"अहो, राहू द्या नं," विहीणबाई म्हणाल्या. "मी तर तेव्हाच विसरली."

त्यांचा आवाज इतका दाटून आला होता, की विसरल्या नव्हत्या हे मला कळलं. मग आम्ही दोघी रडलो, आणि नंतर तासभर नातीबद्दल बोललो.

आठवड्यानं कुरियरनं डबा आला. आत डिंकाचे लाडू आणि वर विहीणबाईंच्या अक्षरात एक कागद: "दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी सोबत जोडली आहे." मी इतकी हसले की झोपलेली नात दचकून उठली.

एक लाडू वाटीत घेतला आणि पुढच्या फाटकानं बाहेर पडले. लवंगांची डबी घरीच राहिली होती. देवळात गर्दी नव्हती. वाटी त्याच्या पायाशी ठेवली, महिन्याभरानं मान वर केली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "जपून खा रे बाबा. तुला एकच दात आहे."