दादांची विमानातली पँट

दादा मुंबईहून दिल्लीला विमानानं जाणार, ही बातमी आमच्या घरी आली त्या दिवशी मी ओट्यावर बसून एका पोलक्याला काज करत होते. दादा म्हणजे माझे वडील. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडणारा माणूस, आणि त्यानंतर काही वर्षांनी दूध संघाच्या राखीव जागेवर निवडून आलेला मेंबर.

तेरच्या अलीकडे आमचं गाव. धाराशिवला तेव्हा सगळे उस्मानाबादच म्हणायचे. दिल्लीत दूधवाल्या संघांची मोठी बैठक होती आणि आमच्याकडून चेअरमन आणि दादा, असे दोघंच जाणार होते.

आता प्रश्न आला कपड्यांचा… दादांकडे दोन पांढरे सदरे आणि दोन पायजमे. दोन्ही स्वच्छ, पण गुडघ्यावर विरलेले.

चेअरमन आमच्याच गावचे, मोठे शेतकरी. त्यांनी संघाच्या मीटिंगनंतर दादांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला सफारी ठेवला. दोनदाच घातलेला, बदामी रंगाचा टेरीकॉट. दिल्लीत पायजमा बरा दिसणार न्हाय, दोन दिवस वापरा आणि मग परत करा, असं म्हणाले. मनानं वाईट माणूस नव्हता तो.

मी सफारी दादांच्या अंगाला लावून बघितला. बेतशीर बसत होता. आईला आणि मला वाटलं, चला, काम झालं.

दादांनी तो खुंटीला अडकवला आणि दोन दिवस त्याच्याकडं बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मशीनजवळ येऊन बसले.

"लहानपणी मी लोकांच्या उतरलेल्या सदऱ्यावरच वाढलो," ते हळू आवाजात म्हणाले. "आता विमानात तरी माझ्या अंगावर माझंच कापड असू दे. तुला शिवता येईल का?"

मला पँट शिवता येत नव्हती. उस्मानाबादच्या शिवणक्लासात मी सहा महिने काढले होते, पण पोलकी, परकर आणि फार तर शर्ट, एवढंच शिकले होते. तरी मी "येईल की" म्हणाले…

टेप घेऊन मी दादांची छाती मोजायला लागले तर ते एकदम ताठ उभे राहिले. श्वास धरून. मी म्हटलं, दादा, सैल उभे राहा. तेव्हा ते ओशाळून म्हणाले, की आजवर त्यांच्या मापाचं कधी कुणी काही शिवलंच नव्हतं. सदरा-पायजमा बाजारातून तयार आणायचा, नाहीतर कुणी दिलेला. पंचेचाळिशीचा माणूस… मी मान खाली घालून आकडे लिहीत राहिले.

पँट कशी शिवतात ते मी चेअरमनच्या सफारीकडूनच शिकले. ती पँट उलटी करून चेन कशी लावलीय, कमरेची पट्टी कुठं दुमडलीय, खिसा कसा जोडलाय ते एकेक टाका बघत बसले. मग तो सफारी इस्त्री करून, घडी घालून दादांनी स्वतः परत नेऊन दिला.

राखाडी सुती कापडाची पँट आणि पांढऱ्या पॉपलीनचा शर्ट. शर्टाला आतून तिकिटासाठी खिसा. पहिल्यांदा घातली तेव्हा पँट मांडी घालून बसताना काचली, म्हणून मी शिलाई उसवून मागं सैल केली. दादा ती घालून जेवायला बसले, उकिडवे बसले, वस्तीच्या टोकापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "आता चाललं."

सोलापूरहून रेल्वेनं मुंबई आणि तिथून विमान. परत आल्यावर विमानाबद्दल ते फार काही बोलले नाहीत. कानात दडे बसले होते म्हणाले, ढग खाली दिसले म्हणाले. चेअरमनना मात्र अंगातल्या टेरीकॉटच्या सफारीनं घाम फुटला आणि सगळ्या प्रवासात कमरेचं बटण उघडं ठेवून बसावं लागलं, हे सांगताना दादांना हसू आवरत नव्हतं.

आठवड्यानं सकाळीच वस्तीच्या तोंडाशी फटफटी थांबली. आम्ही बौद्ध. चेअरमनना दादांशी काम असलं की ते रस्त्यावरूनच हाक मारायचे आणि दादा बाहेर जायचे. त्या दिवशी हाक आली नाही. ते चालत आत आले, थेट आमच्या ओट्यापर्यंत. काखेत कापड होतं.

मेंबरसारखीच एक सैल पँट शिवून दे, असं ते मला म्हणाले.

मी गडबडले. माप घ्यायचं म्हणजे अंगाला हात लावावा लागणार. मी आपली वाट काढली, म्हटलं, तुमची एखादी जुनी पँट पाठवा, त्यावरून घेते.

"जुन्याचंच माप चुकलंय की, बाई," चेअरमन म्हणाले. "अंगावर घे."

आणि हात बाजूला पसरून उभे राहिले, भर सकाळी, सगळी वस्ती बघत असताना. मी दादांकडं बघितलं. दादांनी मानेनंच होकार दिला. टेप धरताना दोनदा आकडा चुकला… ते तसेच हात पसरून उभे राहिले. मग आईनं केलेला चहा पिऊन गेले.

एका पँटीनं गाव बदललं, असं मी म्हणणार नाही. त्याच गावात नंतरही बरंच सोसलं. पण हळूहळू वस्तीबाहेरची माणसं मापं द्यायला आमच्या ओट्यावर यायला लागली, आणि त्या कामावर माझं आयुष्य उभं राहिलं. दादा सफारी घालून गेले असते, तर तो उसना आहे हे दिल्लीत कुणालाच कळलं नसतं. मलाही माझ्या हातात काय आहे ते कळलं नसतं…