दुसऱ्या मडक्यातलं बी

हे मी कोनाले सांगतलं नाही. मालकाले नाही, पोटच्या पोरीले नाही. तुमालेच काऊन सांगून राह्यली — मलेच ठाऊक नाही. बसा जरा.

पयले एक मान्य करा. माह्यासारखा लाल कांदा वरवट बकालच्या आजूबाजूले कोनी पिकवला नाही. फुशारकी म्हना, म्हनत राहा! घरामागं चार वाफे, त्याइले न्हानीचं पानी. पन कांदा असा, का उन्हाळ्यात काढलेला दिवाळीपर्यंत कोंब काढे नाही. मध्यप्रांतातून बदलून आलेले तहसीलदार, हिंदी बोलनारे — त्याइच्या बाईनं मानूस धाडून मांगून नेला. गावात त्याले नावच पडलं, यमुनीचा कांदा.

यमुनीचा. बरं — आन् बी कोनाचं?

हमिदाआपाचं. कुंपनापलीकडची माही शेजारीन, तिचा मालक पिंजारी. मी नवी नवरी होती तवा तिनं माह्या पदरात मूठभर बी टाकलं. कांदा लावून त्याले गोंडे कसे येऊ द्याचे, गोंडा झाडून काळं बी कसं काढाचं, सारं तिनंच शिकवलं. पन ती जे हाती येईन ते पेरे. मी दर साली सगळ्यात लाल, सगळ्यात गोल कांदे बियाले मांगं ठेवले. घरचे किरकिर करत, चांगले कांदे काऊन खाऊ देत नाही म्हनून. तो कांदा मीच घडवला. हे मी आजही कोनाच्याई तोंडावर सांगीन.

मंग एका साली ऐन गोंडे भरताना गारपीट झाली. मी घरातल्या बाजा ओढून वाफ्यावर टाकल्या, माहे वाचले. आपाचे मातीत गेले. पेरनीच्या वख्ताले ती दारात आली, बी मांगाले.

आमच्याकडं विरजन आन् बी मांगाले आलेल्या बाईले रिकाम्या हातानं धाडत नाहीत. नाही म्हनता येत नाही. आन् देल्लं त? तिच्या वाफ्यात तोच कांदा. मंग लोक म्हनतीन, अवो, हा त मुळात हमिदाचाच! एवढंच भेव होतं मले. एवढंसंच.

घरात दोन मडकी होती. एकात नवं बी, दुसऱ्यात आदल्या सालचं, टाकाचं राह्यलेलं. कांद्याच्या बियानं दुसरा पावसाळा पाह्यला का ते मरते — हेबी आपानंच शिकवलं होतं. पाहाले दोन्ही सारखंच काळं. मी दुसऱ्या मडक्यात हात घातला. चुकून? नाही. अंधारात? भर दुपारी. ओंजळभर देल्लं, आन् वरतून आनखी एक मूठ — लई मोठ्या मनाची असल्यावानी.

तिनं पेरलं. रोज सकाळी वाकून पाहे. काईच उगवलं नाही. मी म्हनलं, मुंग्याइनं नेलं असंन. माह्यावर शंका तिले आली नाही, येनार कशी? महिनाभरानं त्याच वाफ्यात मिरच्या लावता लावता ती म्हनली,

"यमुने, माह्या हातातली बरकत गेली वं."

तवा बोलाचं होतं. पयल्या मडक्यातलं खरं बी अजून घरातच होतं, उठून द्याचं होतं. मी म्हनलं, मिरच्या चांगल्या येतीन तुह्या.

तिनं पुन्हा कधी कांदा पेरला नाही. मी दर साली टोपलंभर कांदे तिच्या घरी पोचते करे, आन् ती साऱ्या गल्लीले दाखवे, पाहा, यमुनीचा हात पाहा. मले आवडे ते. खोटं कायले बोलू? लई आवडे.

आपा गेली. तिची पोरगी जुबेदा पिंपळगाव राजाले देल्ली आहे. मातीले आली होती, जाताना बी मांगतलं. मी नवं देल्लं, निवडून निवडून. औंदा ती कांदे घेऊन आली. पदर सोडून माह्यापुढं ओतले आन् हासली.

"पाहा खाला, अम्मीचाच हात वाईट होता. माहा नाही."

मी एक कांदा उचलला. तोच रंग, तीच गोलाई — माहाच कांदा. छाती भरून आली माही.

मी म्हनलं, "हाव."